हत्तीचा दुसरा डोळा

त्या दिवशी सकाळपासून आभाळ झाकोळलेलं होतं, म्हणून पोथीतला हत्ती छत्री घेऊनच चित्राला बसायला आला. जुना रंग तो, थेंब पडला की गेलाच. पोथी बाहेर न्यायची नाही, हा पोथीशाळेचा नियम. पानातलं कुणी आपल्या पायांनी गेलं तर दिवेलागणीला परत यावं, एवढंच ग्रंथपाल सैतवाल सांगत.

लिंबाजी चितारी मंदिराच्या भिंतीपाशी वाट बघत होता. ही भिंत जमली नाही तर कमिटी तिथं छापील टाइल्स लावणार होती, आणि गावात रंगवायला दुसरी भिंत उरली नव्हती. चार बोटं उंचीच्या त्या हत्तीला त्याने पाटावर बसवलं आणि आधी नुसतं बघत राहिला. सोंडेच्या टोकापासून शेपटीपर्यंत एकच रेघ, मध्ये कुठं कुंचला उचलल्याची खूण नाही. निळा रंग पाचशे वर्षांचा, पण कालच घोटल्यासारखा.

"काय हात असेल बाबा," तो म्हणाला.

"थंडगार असायचा," हत्ती म्हणाला.

दुपार कलेपर्यंत भिंतीवर हत्ती उभा राहिला. अगदी पोथीतल्यासारखा: तोंड एका बाजूला वळलेलं आणि पलीकडचा डोळा चेहऱ्याबाहेर रेखलेला.

कमिटीचे अध्यक्ष नेमगोंडा पाटील आले. हत्ती त्यांना आवडला, तो डोळा तेवढा खटकला. "चितारी, हा हवेत लोंबतोय. संध्याकाळपर्यंत पुसून टाका, नाहीतर टाइल्सचा टेम्पो मागवतो."

लिंबाजीने ओला फडका घेतला आणि तसाच धरून बसला. पोथीच्या त्या जुन्या चिताऱ्याने जाणून काढलेलं पुसायला हात धजेना. शेवटी त्याने हत्तीलाच विचारलं.

हत्तीने बराच विचार केला. "पुसू नका," तो म्हणाला. "ज्याला दोन डोळे आहेत त्याला दोन्ही द्यावेत, असं आमचे चितारी म्हणायचे. इथं नको असेल तर भिंतीपलीकडं सरकवा."

हे लिंबाजीला पटलं. रंग ओलाच होता. त्याने अंगठ्याने डोळा हळूहळू भिंतीत दाबला, पार पलीकडे जाईपर्यंत. पाटील बघून गेले आणि टेम्पोवाल्याला नको म्हणाले. हत्ती छत्री उघडून पोथीशाळेकडे निघाला.

सकाळी चंपाक्का दारात आल्या. मंदिराच्या भिंतीला लागूनच त्यांचं स्वैपाकघर. बोलणी खायच्या तयारीने लिंबाजी उठून उभा राहिला.

"लिंबाजीभाऊ, तुमच्या हत्तीचा डोळा आमच्या चुलीवरच्या भिंतीत निघालाय. दूध वर आलं की मोठा होतो, आज थेंबभर उतू गेलं नाही. तेवढ्या पापण्या रंगवून द्या त्याला, धुरानं पाणी येतंय बिचाऱ्याच्या डोळ्याला."