नागोराव मिस्त्रींची पाणबुडी

नागोराव मिस्त्रींच्या हातात कोणतीही नवी वस्तू दिली, की ते ती आधी बादलीत बुडवतात. डबा असो, बाटली असो, टॉर्च असो. बुडवून दाबून धरतात आणि डोळे बारीक करून बुडबुडे येतात का ते पाहतात. आले तर "लीक हाय" म्हणून परत देतात. नाही आले तर नुसतं "हं". गावच्या एका जावयाने कौतुकाने दाखवायला आणलेलं वॉटरप्रूफ घड्याळ त्यांनी असंच बुडवलं. बुडबुडे आले. जावईबापू त्यानंतर सासुरवाडीला फिरकलेले नाहीत.

माझं पहिलं पत्रक छापून आलं, तेव्हा मी त्यांनाही एक प्रत दिली. ती घेऊन ते बादलीपर्यंत गेले, थबकले, म्हणाले, "कागद हाय. बुडंलच." आणि पत्रक खिशात घातलं.

आमचं गाव आखाडा बाळापूरहून सात-आठ किलोमीटर आत. मिस्त्रींचं मोटार वाइंडिंगचं दुकान आणि माझ्या संघर्ष समितीचं कार्यालय यांच्यामध्ये एक पत्रा आहे. पत्र्याच्या त्यांच्या बाजूला जळालेल्या मोटारी, तांब्याची तार आणि दिवसभर गिऱ्हाइकं. माझ्या बाजूला एक टेबल, एक भोंगा आणि मी. पंचक्रोशीतल्या विहिरीतल्या मोटारी तीस वर्षं त्यांनीच उतरवल्या आणि त्यांनीच वर काढल्या. घरी एकटेच असतात. मुलगी पुण्याला दिलेली.

स्पष्टच लिहितो, मला या माणसाचा हेवा वाटतो. आडपडदा ठेवणं माझ्या स्वभावात नाही, पत्रकांतही नाही.

पंपात हवा धरली, तर मोटार नुसती फिरते, आवाज भरपूर करते, पाणी थेंबभर देत नाही. मिस्त्रींच्या लेखी जगातल्या निम्म्या माणसांचं हेच दुखणं आहे. सभेत मी घसा फोडून बोलून येतो, तर दुकानाच्या पायरीवरून आवाज येतो, "काहून रे पुढारी, हवा धरली काय? आधी हवा काढ, मंग बोल." गिऱ्हाइकं हसतात. एकदा तर माझी आईसुद्धा हसली. याचा मी त्याच वेळी निषेध नोंदवला होता.

माझा लढा बारवेसाठी होता. गावाच्या मधोमध जुनी दगडी बारव आहे, तिन्ही बाजूंनी पायऱ्या उतरतात, आणि तिच्यात सगळ्या गावाने वर्षानुवर्षं कचरा टाकलेला. पिशव्या, निर्माल्य, फुटके माठ, एक मोडकी सायकल. मी तीन वर्षं लढलो. पत्रकं काढली, निवेदनं दिली, बारवेच्या काठावर सभा घेतल्या. "तमाम ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, ही बारव नव्हे, हा आपल्या तोंडावरचा डाग आहे!" सर्वात मोठ्या सभेला अकरा माणसं होती, त्यांतली चार एसटीची वाट पाहत होती. एसटी आली.

आणि मग मिस्त्री डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर पुण्याला लेकीकडे राहून आले, ते एक खोका घेऊन.

खोक्यात प्लास्टिकचे राखाडी तुकडे होते. जोडले की हातभर लांबीची पाणबुडी होते, ती काचेच्या कपाटात ठेवायची. लेकीच्या नवऱ्याने, त्यांच्या जावयाने हौसेने आणलेली, पण वेळ नाही म्हणून तशीच कपाटावर धूळ खात पडलेली. मिस्त्रींनी ती आठ दिवसांत चिकटवून उभी केली आणि जावयाला विचारलं, ही पाण्यात कधी सोडायची? जावई म्हणाला, मामा, ही फक्त पाहायची असते.

हे त्यांच्या मनाला लागलं. गावात आल्या आल्या त्यांनी मला हाक मारली आणि पाणबुडी नाकासमोर धरली. "पाण्यात जायचं न्हाई, मंग जल्मली काहून ही? आं? ही रिमोटवर चालंल. खाली जाईल आन् वर बी येईल."

मी म्हणालो, "मामा, गावापुढे प्रश्न काय आहेत आणि तुम्ही खेळणी काय घेऊन बसलात!"

"आधी हवा काढ," मामा म्हणाले.

पुढचे दोन महिने पत्र्यापलीकडून करवतीचे आणि कानशीचे आवाज येत राहिले. हिंगोलीच्या बाजारातून त्यांनी रिमोटवर चालणाऱ्या दोन खेळण्यातल्या गाड्या आणल्या आणि फोडल्या. एका गाडीची मोटार पंख्याला जोडली आणि तिचं स्टिअरिंग सुकाणूला. दुसऱ्या गाडीची मोटार जोडली एका जाड इंजेक्शनच्या पिचकारीला. पिचकारीने पाणी आत ओढलं की पाणबुडी जड होऊन खाली जाणार, बाहेर ढकललं की वर येणार. सगळ्या मोटारी, सेल आणि तारा पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यात कोंबल्या, आणि पाइपाच्या दोन्ही तोंडांना झाकणं, त्यात पंपाच्या रबरी रिंगा, वर ग्रीस. दोन रिमोट एका फळीवर ठोकून फळी गळ्यात अडकवली. बसस्टँडवर शेंगदाणे विकणारा माणूस दिसावा, तसे मिस्त्री दिसू लागले.

मग त्यांनी पाणबुडीच्या अंगालाच ड्रिलने भोकं पाडायला सुरुवात केली. जन्मभर लीक बुजवणारा माणूस भोकं पाडतोय, हे पाहायला अर्धं गाव दुकानापुढे जमलं. चहाचं हॉटेल चालवणारे गफूरभाई म्हणाले, "अरे मिस्त्री, आँख का आपरेशन हुआ के दिमाग का?"

मिस्त्रींनी ड्रिल थांबवलं नाही. "अंग भिजू द्यायचं," ते म्हणाले, "काळीज तेवढं कोरडं ठेवायचं. पाइप हाय ना आत." पाणी भोकांतून आत शिरलंच पाहिजे, नाहीतर पाणबुडी बुडणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. जमलेल्या चाळीसेक माणसांनी माना डोलावल्या. चाळीस! मी पत्र्याच्या अलीकडून मोजत होतो.

पहिली चाचणी जनावरांच्या हौदात झाली. पाणबुडी नाकावर उभी राहिली. मिस्त्रींनी पोटात मासे धरायच्या जाळ्याचे शिशाचे मणी चिकटवले आणि पाठीखाली थर्माकोल. "पोट जड, पाठ हलकी," हे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा सांगितलं, की पोरं शाळेत घोकू लागली. सातव्या चाचणीत पाणबुडी हौदात वीतभर खाली गेली, गोल फिरली आणि वर आली. हौदावरच्या म्हशीने पाणी प्यायचं सोडून पाहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या वेळी घनकचऱ्यावर भाषण तयार करत होतो.

पण हौद लहान. मिस्त्री म्हणाले, बारवेत सोडतो. मग स्वतःच काठावर जाऊन डोकावले आणि म्हणाले, "ह्यात? ह्यात कशी दिसंल ती?"

एवढंच. पत्रक नाही, निवेदन नाही, भोंगा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारवेवर दीडशे माणूस होतं. बायका टोपल्या घेऊन, तांड्यावरची पोरं दोर घेऊन. गफूरभाईंनी चहा फुकट वाटला. मिस्त्रींनी पंप लावून घाण पाणी उपसलं, लोकांनी गाळ काढला, सायकल निघाली आणि गर्दीतून सायकलचा मालकही निघाला. दोन दिवसांत तळ लागला. आठवड्याभरात झऱ्यांनी बारव दोन पुरुष खोल भरली, आणि पाणी असं की पायरीन् पायरी मोजून घ्यावी.

माझ्या आईने तीन वर्षांत माझ्या एकाही सभेला पाऊल ठेवलेलं नाही. ती दोन्ही दिवस कमरेएवढ्या गाळात उभी होती. मी विचारलं, "आई, माझ्यासाठी का नाही आलीस?"

"तू बोलवत नव्हतास बाबा," ती म्हणाली, "तू वरडत होतास."

हा अन्याय नव्हे तर काय?

रविवारी सकाळी पाणबुडी सोडायचं ठरलं. शुक्रवारी दुपारी मी कार्यालयात बसून मोबाइलवर या विषयाची माहिती काढली. मिस्त्रींची कुठेतरी चूक सापडावी, एवढाच हेतू. आणि सापडली. आजकालच्या खेळण्यांचे रिमोट ज्या लहरींवर चालतात, त्या पाण्यात शिरताच मरतात. वीतभर खोल ठीक, त्याखाली पाणबुडीला काही ऐकू जात नाही. हौदात ती वीतभरच खाली गेली होती. बारव दोन पुरुष.

पत्र्यावर एक टकटक करायची होती. "सत्य दडपणे हा गुन्हा आहे" हे वाक्य माझ्या प्रत्येक पत्रकाच्या डोक्यावर असतं. मी टकटक केली नाही. शनिवारीही नाही. सगळ्या गावादेखत त्यांची पाणबुडी बुडणार, आणि मग लोक वळून कोणाकडे पाहणार? मी भोंगा चार्ज करून ठेवला.

रविवारी पायऱ्या माणसांनी भरून गेल्या होत्या. मिस्त्रींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, वर गळ्यात फळी. पाणबुडी पाण्यावर टेकवली. ती पुढे गेली, डावीकडे वळली, उजवीकडे वळली. शिट्ट्या पडल्या. मग त्यांनी दुसरा रिमोट दाबला. पाणबुडीने नाक खाली केलं. पाठ भिजली, पाठीवरचं बुरुजासारखं बोंडुक भिजलं, आणि ती स्वच्छ पाण्यातून खाली, खाली, आणखी खाली जात राहिली. पार तळाशी, दगडावर जाऊन टेकली. सगळे तिला पाहत होते.

"आता वर आना, मामा!"

मिस्त्रींनी रिमोट दाबला नाही. फळी गळ्यातून काढून पायरीवर ठेवली आणि बसले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. कोणीतरी म्हणालं, लीक झाली. कोणी म्हणालं, सेल संपले. तांड्यावरचा एक पोरगा सदरा काढून उडी मारायला निघाला, त्याला मिस्त्रींनी हाताने थांबवलं. चार मिनिटांनी हसू सुरू झालं. "मिस्त्री, विहिरीतली मोटार काढता, मंग ही काढा की दोरानं!" गफूरभाईंनी "चलो, चाय ठंडी हो रही" म्हटलं आणि पायऱ्या रिकाम्या होऊ लागल्या. माझी वेळ आली होती. मी भोंगा उचलला. तेवढ्यात मिस्त्रींचा चेहरा दिसला. ते पाण्याकडे पाहत होते, ओठ हलत होते, आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते. मी भोंगा खाली ठेवला.

शेजारी जाऊन बसलो. "मामा, मला माहीत होतं. रिमोटचं खाली ऐकू जात नाही. मी सांगितलं नाही."

"ठाऊक हाय मला," नजर न हलवता ते म्हणाले. "दोन दिस तुझं तोंड बंद होतं. तवाच म्हनलं, ह्याच्या नळीत काहीतरी अडकलंय."

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं?"

"विहिरीत दोर बांधून खाली सोडून पाह्यली व्हती, वरून रिमोट धरून. चालत न्हाई." मग म्हणाले, "शेतातल्या मोटारीला ऑटो स्विच राहते ना, तसं केलंय आत. वरचं ऐकू येईना झालं, का दहा मिनटानं पिचकारी आपोआप पाणी बाहेर टाकते. येतीच वर."

मला संताप आला. "मग लोकांना सांगायचं ना! गेले सगळे हसून! आणि दहा मिनिटं कशाला? एका मिनिटात आणायची!"

मिस्त्रींनी पायरीवरची फळी जरा बाजूला सरकवली. मग म्हणाले, "तुझी मामी माझ्यासंगं यायची विहिरीवर. मी खाली मोटार बसवायचो, ती काठावर बसायची. घडीघडीला आवाज द्यायची, 'ओ!' मी खालून म्हनायचो, 'ओ!' बस. तेवढंच बोलनं. एक डाव मी विहिरीच्या भिंतीतल्या कपारीत शिरलो, आडव्या बोअरापाशी. मला तिचा आवाजच आला न्हाई. काम करत बसलो निवांत, गानं म्हनत. वर आलो तं चार मानसांत तिनं माझ्या थोबाडीत मारली."

"मामीने?"

"मालक हसला, गडी हसले. मी दोन दिस रुसून बसलो, जेवलो बी न्हाई. म्हनलं, झालं काय असं? दहाच मिनटं तं गेली." त्यांनी उपरण्याने नाक पुसलं. "ती जाईस्तोवर मी तिला त्याच्याबद्दल कधी इचारलं न्हाई. म्हनलं, एक डाव वर बसून पाहावं. सांगून टाकलं असतं, तं कोनी वाट पाह्यली नसती, आन् मला बी कळलं नसतं."

"मग कळलं का?"

"लई लांब हायेत रे," मिस्त्री म्हणाले. "दहा मिनटं लई लांब हायेत."

आम्ही दोघं बसून राहिलो. काठावर आईही थांबली होती, पदर तोंडाशी धरून. खाली दगडावरून एक बुडबुडा सुटला. मग दोन. पाणबुडी हलली, शेपटी वर झाली, आणि ती तिरकी तिरकी होत, हळूहळू, आपली आपण वर आली.

मिस्त्री गुडघाभर पाण्यात उतरले. दोन्ही हातांनी तिला उचललं, उपरण्याने पुसलं, सगळ्या भोकांतून पाणी गळून जाईपर्यंत छातीशी धरून उभे राहिले. मग तिच्या पाठीवर एक हलकी चापट मारली.

मला त्या प्लास्टिकच्या पाणबुडीचा हेवा वाटला.