बयाक्काचा चुकलेला अंदाज

एका जंगलात, अगदी उंच डोंगरावरच्या जंगलात, हिवाळा आला की बर्फ पडत असे आणि तो पडला की सगळे प्राणी त्याला शिव्या देत असत. मुलांनो, ही फार जुनी गोष्ट. तेव्हा प्राणी अडाणी होते. थंडी वाजली की त्यांना नुसती थंडी वाजायची.

मग तिथलं एक अस्वल दूरच्या जंगलात फिरून आलं. तिथले प्राणी म्हणे पायांना लाकडी फळ्या बांधतात, डोंगराच्या टोकावर चढतात आणि घसरत खाली येतात.

"कशासाठी?" इथल्या प्राण्यांनी विचारलं.

"परत वर चढता यावं म्हणून," अस्वल म्हणालं. सगळ्यांना ते ताबडतोब पटलं.

झालं! बघता बघता जंगलात फळ्यांशिवाय कुणी दिसेना. ज्यांना फळ्या परवडत नव्हत्या ते दुसऱ्यांच्या फळ्यांविषयी बोलू लागले. डोंगराच्या वरच्या सोंडेवर, म्हणजे पुढे उतरलेल्या धारेवर, जिथून घसरायला सुरुवात करायची तिथे, साळिंदरीण काटेकाकूंनी चहा-भज्यांची टपरी टाकली. राजा हिमबिबट्याने फर्मान काढलं की बर्फ हा राज्याचा दागिना आहे आणि त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलू नये.

आता घसरायचं तर बर्फ कधी पडणार हे आधी कळायला हवं. म्हणून राजाने हिम-अंदाज खातं उघडलं आणि त्यावर रानशेळी बयाक्काला नेमलं.

बयाक्का शिकलेली होती. डोंगर ओलांडून येणाऱ्या एका म्हाताऱ्या क्रौंच पक्ष्याकडे तिने आभाळाचा अभ्यास केला होता. कड्यावर उभं राहून ती वारा हुंगायची. खुरांनी बर्फात खड्डा खणून त्याचे थर बघायची, कुठला भुसभुशीत, कुठला कडक. मग खाली येऊन सांगायची. आणि तिथेच सगळा घोळ व्हायचा.

"उद्या बर्फ पडण्याची शक्यता चांगली आहे," ती म्हणायची. "वरच्या सोंडेवर बर्फ, खालच्या कुरणात पाऊस, आणि मधल्या देवदारांत दोन्हींचा चिखल. वारा फिरला तर मात्र हेही बदलेल."

"म्हणजे पडणार की नाही?"

"बहुतेक पडेल."

"बहुतेक काय, बयाक्का? आम्ही फळ्या बाहेर काढायच्या की नाही?"

"तुम्ही कुठे राहता त्यावर आहे."

हे उत्तर बरोबर होतं, म्हणून कुणाला आवडत नसे. दुसऱ्या दिवशी तसंच व्हायचं. वर बर्फ, खाली पाऊस. मग खाली भिजलेले प्राणी तिच्या नावाने बोटं मोडायचे. वर घसरणाऱ्यांना तिची आठवणही यायची नाही. आनंदात असलेल्या माणसाला, म्हणजे प्राण्याला, हवामान खातं आठवत नाही.

अंदाज सांगणारा आणखी एक जण जंगलात होता. रानकोंबडा तुरेराव. त्याला कुणी नेमलं नव्हतं, पण त्याच्याकडे एक उंच दगड होता आणि गळा होता. रोज सकाळी दगडावर चढून तो ओरडायचा, "उद्या मानभर!"

इथे एक सांगायला हवं. त्या राज्यात बर्फाची खोली राजाच्या अंगावर मोजायची पद्धत होती. घोटाभर, गुडघाभर, कंबरभर, मानभर. आधीचा राजा याक होता. तो गेला आणि आखूड पायांचा हिमबिबट्या गादीवर आला, तेव्हा एका दिवसात राज्यातला गुडघाभर बर्फ कंबरभर झाला. बर्फ तेवढाच होता, पण प्रगती झाली म्हणून सगळ्यांना गूळ वाटण्यात आला. सशांनी मात्र गुडघाभर ऐकून उडी मारली की त्यांना कान धरून बाहेर काढावं लागायचं.

तर तुरेराव. तो गुडघाभर, कंबरभर असल्या फुटकळ गोष्टी बोलतच नसे. त्याचं रोज मानभर. बर्फ पडला नाही तर तो सांगायचा, "पडत होता हो, वाऱ्याने पलीकडच्या डोंगरावर नेला." तरी कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, "तुमच्यात उमेदच नाही, मग बर्फ तरी काय करणार?" प्राणी शरमेने माना खाली घालायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी उमेदीने फळ्या पुसायचे.

त्याच्या भक्तांत पहिला होता दाजिबा बोकड. म्हणजे बयाक्काचा नवरा.

"अगं, जरा त्याच्याकडून शीक," दाजिबा तिला म्हणायचा. "कसा छाती काढून सांगतो! तू सांगतेस तेव्हा वाटतं, दुखणं सांगतेयस कुणाचं तरी."

"त्याचं खरं होतं का कधी?"

"खऱ्याचं काय घेऊन बसलीस? ऐकून बरं वाटतं."

दाजिबाला घसरण्याचं भारी वेड. पहाटे सोंडेवर पहिला नंबर त्याचाच. एकदा तो असा आपटला की डाव्या शिंगाचं टोक उडालं. तेव्हापासून तो ते शिंग लोकांना मुद्दाम दाखवायचा आणि बयाक्का ते शिंग बघायचं टाळायची. जीव होता तिचा त्याच्यावर. तो तिचं ऐकत नाही याचं तिला वाईट वाटायचं, पण तो एखाद्या दिवशी परत येणार नाही याची भीती त्याहून मोठी होती.

मग त्या वर्षी भर हिवाळ्यात काही दिवस लख्ख ऊन पडलं. सोंडेवरचा बर्फ वरून वितळला आणि रात्रीच्या गारठ्याने पुन्हा गोठला. वर काचेसारखा गुळगुळीत थर झाला. पाठोपाठ कड्यामागून ओला, जड वारा सुटला आणि पलीकडे काळे ढग साचायला लागले.

बयाक्काने सोंडेवर खड्डा खणला. थरावर खूर ठेवला तर तो सरकन घसरला. तेल लावलेल्या ताटात भाताचा ढीग ठेवावा आणि ताट तिरकं करावं, तसं उद्या होणार होतं. नवा बर्फ रातभर पडणार, वारा तो ह्याच बाजूला आणून रचणार, आणि सकाळी त्यावर कुणी पाय ठेवला की सगळी सोंड खाली येणार.

ती धावत राजाच्या मैदानावर आली.

"ऐका हो!" ती ओरडली. "आज रातभर बर्फ पडणार. फार पडणार. इतका मी कधी पाहिला नाही. पण..."

तिचा "पण" कुणाच्या कानापर्यंत पोचला नाही. मैदानात एकच जल्लोष झाला. अस्वल नाचलं. सशांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. "शेवटी बयाक्कासुद्धा म्हणाली!" असं जो तो सांगू लागला.

"अरे, सोंड कोसळेल!" बयाक्का बेंबीच्या देठापासून ओरडत होती. "वर जाऊ नका! गाडले जाल!"

"बयाक्का, आनंदाच्या वेळी असं अभद्र बोलू नये," काटेकाकू म्हणाल्या. "मी दुप्पट बेसन भिजवतेय."

राजाने जाहीर केलं की उद्या उजाडताच सगळ्या प्रजेने सोंडेवर जमावं, तो स्वतः सगळ्यांच्या पुढे घसरणार आहे. तुरेरावाने दगडावरून सांगितलं, "मी तर रोजच म्हणत होतो."

बयाक्का घरी आली तर दाजिबा दारात बसून फळ्यांना मेण लावत होता आणि गुणगुणत होता.

"अहो, उद्या जाऊ नका."

"तूच तर म्हणालीस, बर्फ फार पडणार."

"म्हणूनच सांगतेय. सोंड सुटणार आहे. मी पाहून आलेय."

"अगं, तुरेराव रोज मानभर म्हणतो. मी रोज जातो. गाडला गेलो का कधी?"

"कारण रोज पडतच नाही!"

दाजिबाने क्षणभर विचार केला. "मग उद्याही नाही पडणार," तो म्हणाला. "आणि पडला तर मजाच आहे की."

बयाक्काने त्याच्या तुटक्या शिंगाकडे पाहिलं. हा उद्या रांगेत पहिला असणार. त्याच्या मागे अस्वल, त्याच्या मागे ससे, आणि सगळ्यांत वर काटेकाकूंची कढई. खरं सांगून पाहिलं होतं. जितकं खरं सांगावं तितके ते वर जायला निघत होते.

दिवस कलताना ती पुन्हा मैदानावर गेली. यावेळी ती ओरडली नाही. तुरेरावासारखी छाती पुढे काढली आणि म्हणाली, "अंदाज बदललाय. उद्या पाऊस. टोकापासून पायथ्यापर्यंत नुसता पाऊस. बर्फाचा एक कणही पडणार नाही."

फळ्या पुसणारे थांबले.

"नक्की?" राजाने विचारलं.

"शंभर टक्के."

आयुष्यात पहिल्यांदा ती असं बोलली होती, आणि पहिल्यांदाच ती खोटं बोलत होती. सगळ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला. "असं स्पष्ट सांगितलं की कसं कळतं," प्राणी म्हणाले. अस्वलाने डोळे पुसले आणि फळ्या आत नेल्या. काटेकाकूंनी पीठ झाकून ठेवलं आणि टपरीला कडी लावून खाली आल्या. तुरेराव सवयीने "मानभर!" म्हणाला खरा, पण पंख भिजू नयेत म्हणून तोही ढोलीत शिरला.

बयाक्का घरी आली. दाजिबा रुसून पाठ करून झोपला होता. तिचा त्याच्यावर अजून भरवसा नव्हता. तिने त्याच्या फळ्या उचलल्या आणि मागच्या गवताच्या गंजीत खोल खुपसून ठेवल्या.

रातभर बर्फ पडला. उजाडताना डोंगराच्या पोटातून आवाज आला आणि सोंड सुटली. देवदार मोडले. टपरी गेली, कढई गेली, रांगेचा दोर बांधलेले खांब गेले. पांढरा धुरळा आभाळभर उडाला आणि बर्फाचा ढिगारा कुरणाच्या वर येऊन थांबला. डोंगरावर तेव्हा कुणीही नव्हतं.

प्राणी बाहेर आले. सगळ्यांनी वर पाहिलं. बयाक्काला वाटलं, आता कळलं यांना.

"काय बर्फ होता हो!" अस्वल म्हणालं.

"मोसमातला सगळ्यात भारी!" ससे म्हणाले.

"आणि आपण घरात बसलो!"

"कुणामुळे?"

सगळ्यांनी बयाक्काकडे पाहिलं.

राजा रीतसर मोजमापाला ढिगाऱ्यात उतरला आणि दिसेनासा झाला. फक्त कान वर राहिले. "कानभर" अशी घोषणा झाली. राज्याच्या इतिहासात कानभर कधीच झाला नव्हता, आणि त्यावर कुणीही घसरलं नव्हतं. दोर लावून राजाला बाहेर काढलं तेव्हा तो संतापाने थरथरत होता. की थंडीने, कोण जाणे.

उरलेल्या एका देवदाराखाली चौकशी बसली.

"माझी टपरी गेली," काटेकाकू रडत म्हणाल्या. "मी तिथे असते तर कढई तरी धरून ठेवली असती."

तुरेराव पुढे आला. "महाराज, मूळ मुद्दा वेगळाच आहे. सगळी प्रजा वर असती, नाचली असती, तर बर्फ दबून घट्ट बसला असता. डोंगर रिकामा होता म्हणून कोसळला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या दाजिबाच्या होत्या.

राजाने बयाक्काला विचारलं, "तू चुकलीस, की खोटं बोललीस?"

खरं सांगावं असं तिला फार वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग तिच्या मनात आलं की तिच्या जागी उद्या दुसरं कुणी येईल, आणि सोंड पुन्हा कधीतरी सुटायच्या बेतात येईल. हे खोटं एकदा उघडं पडलं तर त्या वेळी कुणालाच घरी बसवता येणार नाही.

"चुकले, महाराज," ती म्हणाली.

तिला खात्यातून काढलं आणि तुरेरावाला नेमलं. एवढ्या वर्षांत एकदा तरी त्याचा अंदाज बरोबर आला होता, आणि तिचा चुकला होता. न्याय अगदी चोख झाला.

घरी येऊन बयाक्का कोपऱ्यात बसली. दाजिबा धुसफुसत गंजीपाशी गेला आणि गवत ओढू लागला. गवताबरोबर फळी बाहेर आली. मग दुसरी.

"अगं, ह्या इथे कशा आल्या?"

दाजिबाने फळ्यांकडे पाहिलं. मग वर, जिथे त्याचा पहिला नंबर असायचा तिथे पाहिलं. तिथे आता उघडा खडक होता. दाजिबा सावकाश विचार करणारा होता, पण हा विचार त्याचा पूर्ण झाला.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

तो तिच्याजवळ येऊन बसला आणि आपलं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. तुटकं शिंग तिच्या कानाला लागत होतं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

तेवढ्यात लांबून आवाज आला, "उद्या मानभर! सरकारी अंदाज! मानभर!"

दाजिबाने कान टवकारले. त्याने तिच्याकडे पाहिलं, फळ्यांकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"अगं... म्हणजे... नुसतं बघून येऊ का?"

बयाक्का उठून बाहेर गेली. वारा हुंगला. तो कोरडा होता आणि उलट्या बाजूने येत होता. आभाळ लांबपर्यंत स्वच्छ होतं. सुटायचं ते सगळं डोंगरावरून सुटून गेलं होतं. उद्या बर्फाचा एक कणही पडणार नव्हता, आणि यावेळी ते खरं होतं.

ती आत आली आणि त्याच्या फळ्यांना मेण लावू लागली.

"जा," ती म्हणाली. "सावकाश जा."

"बघ!" दाजिबा आनंदाने म्हणाला. "तुलासुद्धा पटायला लागलं ना तुरेरावाचं!"

तात्पर्य : बालमित्रांनो, मोठेपणी हवामान सांगायचा धंदा कराल तर रोज मानभर सांगा. पडला तर तुमचा मान, नाही पडला तर वाऱ्याचा दोष. खोटं बोलायला हरकत नाही, फक्त ज्याने मजा बुडते ते खोटं बोलू नका. जीव वाचलेले लोक ते कधी माफ करत नाहीत. आणि माफ करणारे कोण, तर ज्यांच्या फळ्या तुम्ही लपवल्या ते. तेही फक्त पुढचा अंदाज येईपर्यंत.