संगणकातल्या कोंबड्याचं मौन

"अख्ख्या इरिंगा प्रांतात माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही," असं फेस्टो स्वतःबद्दल सांगतो. मी चौकशी केली. प्रांतात दुसरा गुप्तहेरच नाही. आपली नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि स्मरणशक्ती हत्तीची आहे, हेही तोच सांगतो. एवढी जनावरं अंगात बाळगून तो आमच्या शाळेत भूगोल शिकवतो. मी शाळेचा ग्रंथपाल. पुस्तकं एकशेचाळीस, त्यामुळे उरलेल्या वेळात त्याचा मदतनीस.

आमच्या शाळेत तास संपला की कोंबडा आरवतो. खरा नव्हे, संगणकातला. पूर्वी आंब्याच्या झाडाला ट्रकच्या चाकाची रिंग टांगलेली असे आणि पहारेकरी चेंगुला आजोबा तिच्यावर लोखंडी गज हाणत. दोन वर्षांपूर्वी संगणकाच्या युस्ताबाईंनी मुख्याध्यापिकांना पटवलं, की आपले बारा संगणक लिनक्सवर चालतात. डेस्कटॉपला एक फुकटची पुरवणी, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, जोडली, की ती वेळेवर बांग देते. वर कर्णा लावला, झालं. पुरवणी लिहिणाऱ्याचं खरं नाव युस्ताबाईंनाही ठाऊक नव्हतं. संकेतस्थळावर टोपणनाव होतं, जोगो. म्हणजे आमच्या भाषेत कोंबडाच.

गुरुवारी बांग झाली नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, पण भूगोल संपायचा राहतो. फेस्टोने सलग तीन तास नद्या शिकवल्या.

मुख्याध्यापिका म्सिग्वाबाई कमी बोलतात. "सोमवारी सराव परीक्षा. पहिल्या तासाला कोंबडा बोलला नाही, तर पुन्हा रिंग. आणि ते संगणक कोठारात, मक्याच्या पोत्यांमागे."

त्या बारा यंत्रांसाठी युस्ताबाईंनी तीन वर्षं जागोजागी पत्रं लिहिली होती. त्या फडकं घेऊन एकेक पडदा पुसत राहिल्या.

फेस्टो जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं भिंग घेऊन आला. पडद्यावर एक ओळ होती: 'ही पुरवणी या नव्या आवृत्तीसाठी नोंदलेली नाही.'

मी वाचायला लागलो तसा त्याने पडद्यावर हात ठेवला. "ओबादिया, गुन्हेगार चिठ्ठी ठेवतो ती तपास भरकटवायला."

"मास्तर, बुधवारी मी संगणक अपडेट केले," युस्ताबाई म्हणाल्या. "मला वाटतं, तेव्हापासूनच. जोगोला चार ईमेल पाठवल्या, उत्तर नाही. संकेतस्थळावरही तो महिनाभर गप्प आहे."

"वाटण्याचं काम माझ्याकडे सोपवा, बाई."

आणि तो तडक फाटकावर गेला. कोंबडा मेला तर फायदा कुणाचा? रिंगवाल्याचा.

"बुधवारी रात्री कुठे होतात, आजोबा?"

"इथेच, पहाऱ्यावर. मी पहारेकरी आहे."

"साक्षीदार?"

"चोर आला असता तर झाला असता."

"रिंग परत आली तर तुमचा मान वाढेल."

"मान वाढेल, खांदा जाईल. दोन वर्षांनी आत्ता कुठे हात डोक्यापर्यंत पोचतोय. बाजूला व्हा, ऊन अडवताय."

शनिवारपर्यंत यादी फुगली. रसायनशास्त्राचे मास्तर, कारण ते हसले. स्वयंपाकीण अन्येसीमावशी, कारण हसल्या नाहीत. स्वयंपाकघरामागचा खरा कोंबडा, धंद्यातली असूया म्हणून. शेवटी फेस्टोने निकाल दिला, "जोगोलाच पळवलंय. महिनाभर गप्प आहे. परदेशी कंपनीचं काम. उंच माणूस, अविवाहित, डावखुरा."

"डावखुरा कशावरून?"

"उजव्या हाताची माणसं इतके दिवस गप्प बसत नाहीत."

अन्येसीमावशी उजीचं, म्हणजे पिठाच्या पेजेचं, झाकलेलं पातेलं घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. "जोगो? म्हणजे आपली फराजा. संगणकावर ती हेच नाव लावते."

"कोण फराजा?"

"चर्चमागची. इथेच शिकली. तुम्हीच भूगोलात नापास केलंत तिला. बाळंत झालीय. ही उजी तिलाच."

हत्तीला काही आठवलं नाही. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, बुधवारी कुठे होतीस. मी सांगितलं, चुलीपाशी."

युस्ताबाई दूरच्या मोशी शहरातल्या, गावातल्या बायकांत अजून मुरलेल्या नव्हत्या. त्यांनी फडकं टाकलं आणि पातेल्याची एक कडी धरली.

फराजाची सासू दारात उभी होती. "चाळीस दिवस व्हायचेत. बाहेर पडायचं नाही, डोळ्यांना ताण नाही. लॅपटॉप पेटीत, किल्ली माझ्या कमरेला." फेस्टोने आपण कोण ते सांगितलं. तिने त्याला अंगणात बसवून मक्याची कणसं सोलायला दिली. युस्ताबाईंना बाळंतिणीच्या खोलीच्या दारावरच्या पडद्यापर्यंत जाऊ दिलं.

"बाई, एक यादी आहे," पडद्याआडून फराजा म्हणाली. "माझी पुरवणी डेस्कटॉपच्या कुठल्या कुठल्या आवृत्त्यांवर चालेल त्याची. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, मी तपासते आणि आकडा वाढवते. या वेळीही सगळं तपासून झालं होतं. आकडा लिहायला बसले आणि कळा सुरू झाल्या."

"मग मी काय करू?"

"तुमच्या संगणकातल्या यादीत शेवटच्या आकड्यापुढे स्वल्पविराम द्या, नवा आकडा घाला. मग लॉगआउट करून परत आत या."

"एवढंच?"

"एवढंच. पण दर सहा महिन्यांनी एवढंच." बाळ कुरकुरलं. "माझ्या जोडीला तुमचं नाव लावू का, बाई? आता एकटीच्याने नाही व्हायचं."

युस्ताबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. आधी विचारलं, "मोडलं काही, तर तू ओरडशील?"

"बाळ झोपलं नसेल तेव्हाच."

अंगणात फेस्टो कणसं सोलत मला म्हणाला, "म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. पळवून नेलंच होतं. प्रसूतिगृहात."

सोमवारी पहिल्या तासाला कोंबडा असा आरवला, की परीक्षेला बसलेली दोन मुलं दचकून उभी राहिली. म्सिग्वाबाईंनी कोठाराची किल्ली टेबलाच्या खणात टाकली. मग फेस्टोकडे वळल्या. "मास्तर, यात तुमचं काम कोणतं?"

"संशयितांची यादी. मी नसतो, तर कोण कोण निर्दोष आहे हे शाळेला कळलंच नसतं."

बाईंनी यादी मागून घेतली. नावं मोजली. "आठ. तासही आठ. उद्या दर बांगेला एकेकाची माफी मागा."

त्याने मागितली. आजोबांनी पुन्हा उन्हातून बाजूला व्हायला सांगितलं. खरा कोंबडा माफी अर्धी ऐकून निघून गेला. आठवी बांग झाली तेव्हा फेस्टो ग्रंथालयाच्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता.

"आठवा माणूस सापडत नाहीये का?" मी विचारलं.

"सापडला," तो म्हणाला. "माफ कर, ओबादिया."