तक्त्यातली शेवटची ओळ

कॉलेज सोडल्यापासून घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. माझ्याबद्दल मात्र सगळे बोलत होते, तेही माझ्यासमोर. त्या दिवशी जेवताना मी तोंड उघडलं ते निव्वळ विषय बदलावा म्हणून.

"आजोबा, ते तुमचं डोंगरावरचं तळं," मी म्हणालो. "एकदाचं जाऊन बघूनच येऊ या."

आजोबा तरुणपणी मित्रांबरोबर पाठीवर सॅक टाकून त्या डोंगरावर गेले होते. तळ्याचं वर्णन आमच्याकडे इतक्यांदा झालं होतं की भिंतींना ओल यायचीच बाकी होती. मी टोमणा मारला होता. पण आजोबांनी हातातला घास खाली ठेवला.

"कधी?"

"कधीही."

"मग लवकर," ते म्हणाले. "लवकर जाऊ."

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा पाण्याचा पेला नेहमीच्या जागी सरकवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. (पण या घरात आईकडे बघायची पद्धत नाही.)

आता आमच्या खानदानाविषयी. आमचं चष्म्याचं दुकान आहे. आजोबांनी ते काढलं, बाबांनी वाढवलं आणि मी ते बुडवणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. बाबांचा स्वभाव असा की जगातला कुठलाही प्रश्न दोन भिंगांच्या मध्ये बसतो. मी कॉलेज का सोडलं, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं: शेवटच्या बाकावर बसून बघा, प्राध्यापक फळ्यावर फराटे मारतात, पोरं ते मुकाट्याने उतरवून घेतात, मला त्यात काही म्हणजे काही दिसलं नाही. यावर बाबा म्हणाले होते, "नजर असावी लागते." बस. बापलेकांचा एवढाच संवाद.

तर, सहलीची सूत्रं बाबांनी ताब्यात घेतली. "डोंगर चढायचा म्हणजे डोळे शाबूत हवेत," असं म्हणून त्यांनी आजोबांना दुकानात नेऊन खुर्चीवर बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता. वर ढब्बू अक्षरं, खाली मुंगीएवढी. आजोबांनी एक डोळा तळहाताने झाकला आणि वरपासून खालपर्यंत तक्ता घडाघडा म्हटला. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा.

"शेवटच्या ओळीसकट!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "या वयात! विशीतली नजर आहे अण्णांची! वाट तेच दाखवणार."

माझी तपासणी? मी करू दिली नाही. कधीच दिली नाही. घरात ज्याला धड दिसतं असा मी एकटाच, हे माझं ठाम मत होतं.

अशा रीतीने वाटाड्या आजोबा, मार्गदर्शक बाबा, डबे आईकडे आणि उरलेलं सगळं माझ्या पाठीवर, अशी मोहीम निघाली.

पायथ्याशी बसमधून उतरताच आजोबांनी एका शेतातल्या माणसाला हाक मारली. "ओ दादा, तळ्याकडे हीच वाट ना?"

तो माणूस बोलेना. आजोबांनी पुन्हा विचारलं, जरा आदराने. तो तरीही हात पसरून उभा.

"अण्णा, ते बुजगावणं आहे," बाबा म्हणाले.

"माहीत आहे," आजोबा म्हणाले. "गंमत केली."

बाबा पोट धरून हसले. मीही हसलो. आई हसली नाही. ती पुढे झाली आणि आजोबांच्या कोपराला धरून चालू लागली, जसं काही तिलाच आधार हवा होता.

पुढे फाटा आला. आजोबा क्षणभर थांबले, मान जरा तिरकी केली (ते हल्ली सगळ्यांकडे तिरकंच बघायचे, मला वाटायचं, माझ्याकडेच बघतात) आणि उजवीकडे वळले. मी म्हणालो, जास्त वापरातली वाट डावीकडची वाटते. बाबा म्हणाले, "ज्याने एक कोर्स धड पूर्ण केला नाही, त्याने रस्ते शिकवू नयेत." आमच्या घरात वडीलधारी माणसं कधी चुकत नाहीत. चुकतात ते रस्ते.

उजवीकडची वाट चढत चढत एका सपाटीवर संपली. तिथे कुणाचं तरी बांधकाम अर्धवट पडलं होतं. विटांचे ढीग, वाळू आणि त्यावर ताणून बांधलेली भली मोठी निळी ताडपत्री. वाऱ्याने ती हलत होती.

आजोबा थांबले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"तेच," ते म्हणाले. "अगदी तसंच आहे रे. लाटासुद्धा तशाच."

बाबा पुन्हा हसायला लागले. "अण्णा, तुम्ही म्हणजे ना..."

पण आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबांचं हसू तसंच तोंडावर राहिलं, उतरवायचं कुठे हे त्यांना कळेना.

मी स्पष्टवक्ता. मी बोललो. "आजोबा, तळं नाहीये ते. ताडपत्री आहे. तुम्हाला दिसत नाही."

"काय बोलतोस!" बाबा गरजले. "परवा शेवटची ओळ वाचली त्यांनी!"

"तो तक्ता भिंतीवर लावला कुणी?"



"मीच," आजोबा म्हणाले. "जन्म गेला त्याच्यासमोर लोकांना बसवण्यात. झोपेत म्हणेन तो."

आम्ही विटांवर बसलो. आजोबा टोपी हातात फिरवत हळूहळू बोलले. डोळ्याचा पडदा झिजतोय. मधलं सगळं पुसल्यासारखं, कडेकडेने रंग तेवढे कळतात. डॉक्टरकडे गेले होते, आईबरोबर.

"तू बरोबर होतीस?" बाबा आईला म्हणाले. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही डोळे तपासता," आई म्हणाली. "माणसाकडे कुठे बघता?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण आजोबांचा चेहरा पाहून हात खालीच ठेवले.

"अण्णा, अहो, एक चांगला नंबर काढून..." बाबांचा आवाज बारीक झाला होता.

"चष्म्याने होण्यासारखं नाही हे. म्हणून तर तुला सांगवेना. तुझ्याकडे दुसरं काय आहे रे द्यायला?" आजोबा म्हणाले. "उरलेलं जायच्या आत एकदा तळं बघायचं होतं. निळं तरी. तेवढंच."

बाबा उठले आणि पाठ करून उभे राहिले. मग वळून माझ्या पाठीवरची सॅक काढून स्वतःच्या पाठीवर घेतली. "डावीकडची वाट म्हणालास ना?" एवढंच म्हणाले. (बापलेकांचा दुसरा संवाद.)

डावीकडची वाट तळ्याकडेच जात होती. मी आजोबांचा हात धरला होता. काठावर त्यांचे बूट काढले, पाय पाण्यात सोडले.

"कसं आहे? खरं सांग," ते म्हणाले.

"गढूळ आहे. काठाला शेवाळ. एक तुटकी चप्पल तरंगतेय. निळंबिळं काही नाही, चहासारखं आहे."

आजोबा खळखळून हसले. "हां. आता तळ्यावर आल्यासारखं वाटतंय. हे सगळे मला गोड गोड सांगतील. तूच सांगत जा."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नोकरी दिली होती. मी हुरूपाने पुढे सुरू झालो. "पलीकडच्या काठावर पांढरा बगळा बसलाय. एकदम स्थिर. काय ऐटबाज मान आहे!"

"पिशवी आहे ती," बाबा म्हणाले. "झुडपात अडकलेली."

मी दुर्लक्ष केलं. उतरताना मीच पुढे होतो. आंधळ्यांच्या या कुटुंबाला घरी न्यायची जबाबदारी आता माझ्यावर होती आणि तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. रस्ता दिसू लागला तसा मी ओरडलो, "बस उभी आहे! पळा!"

पळालो. बाबा सॅकसकट, आई डब्यांसकट, आजोबा माझ्या हाताला लोंबकळत. मी हात हलवून ड्रायव्हरला थांबायच्या खुणा करत होतो. ड्रायव्हर मोठा सज्जन, जागचा हलला नाही.

जवळ गेल्यावर ती पाण्याची लाल टाकी निघाली.

"सुटली का रे?" आजोबांनी धापा टाकत विचारलं.

"टाकी आहे, अण्णा," आई म्हणाली.

"पाणी आहे का तिच्यात? प्यायला तरी थांबू." मग मान तिरकी करून ते बाबांना म्हणाले, "अरे, हा कॉलेजात बसायचा कुठे?"

"शेवटच्या बाकावर," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघू लागले. नीट, पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मी त्याच खुर्चीत होतो. कॉलेज सोडण्यामागे माझी बंडखोरी होती, व्यवस्थेवरचा राग होता, ते सगळं आता चष्म्याच्या नंबरात निघणार होतं. समोर तक्ता. पहिल्या दोन ओळी वाचल्या. खाली मुंग्यांचं वारूळ. मागे बाकावर आजोबा येऊन बसले होते. त्यांनी घसा खाकरला आणि कुजबुजले, "ट... म... प... न... ग."

मी स्पष्टवक्ता. पण प्रश्न इभ्रतीचा होता.

"ट, म, प, न, ग," मी बाणेदारपणे म्हणालो. "शेवटची ओळ. झालं समाधान?"

"झालं," बाबा म्हणाले आणि भिंगांची पेटी उघडली. "तक्ता मी आज सकाळीच नवीन लावलाय."