केरळची आष्टेकरीण

आमच्या नर्सिंग कॉलेजात सगळ्यांत गावठी मराठी बोलणारी बाई केरळची आहे.

लीलाम्मा मॅडम. मुलींना वॉर्डातलं काम शिकवतात. मी साताऱ्याहून सांगलीला शिकवायला आले, त्या दिवशी स्टाफरूममध्ये डबा उघडत त्या म्हणाल्या, "या शिंदेबाई, बसा. मी बी आत्ताच आलो." मला वाटलं, परप्रांतातली बाई, 'आले'चं 'आलो' होतंय बिचारीचं. मी हळूच दुरुस्त करायला गेले. त्यांनी चटणी पुढं सरकवली. "आष्ट्यात समद्या बायका आलो-गेलोच म्हणत्यात. मी काय येगळी हाय व्हय?" पुढच्या आठवड्यात मी बाजारात मुद्दाम कान देऊन ऐकलं. बायका खरंच तसंच बोलत होत्या. तिथं वेगळी कुणी असेल तर मीच होते.

नर्सिंग शिकून त्या आष्ट्याच्या एका लहानशा दवाखान्यात नोकरीला आल्या, तेव्हा त्यांना 'पाणी' आणि 'गोळी' एवढंच मराठी येत होतं. ज्यांच्याकडं खोली घेतली त्या ऊसवाल्या काकूंनी भाकरीबरोबर भाषाही थापायला शिकवली. बाकीची पेशंटांनी शिकवली. त्यामुळं ठणका, चमक, उसण, भगभग हे दुखण्याचे शब्द त्यांना 'धन्यवाद'च्या आधी आले. 'धन्यवाद' अजूनही फारसा आलेला नाही. त्या "बरं केलंसा" म्हणतात.

शब्दांचं त्यांना वेड. "तुमच्यात काय म्हणत्यात?" हा प्रश्न त्या कुणालाही विचारतात. जतकडून पेशंट आला की त्याच्याकडून कानडी शब्द घेतात, ऊसतोडीच्या टोळीतली बाळंतीण आली की तिच्याकडून तिचे. एकदा तपासणीला नागपूरकडचे एक साहेब आले होते. मीटिंगमध्ये त्यांचा डोळा लागला. जागे झाल्यावर मॅडमनी त्यांना विचारलं, "सर, तुमच्यात घोरण्याला काय म्हणत्यात?" प्राचार्यांना घाम फुटला. मॅडमना खरंच शब्दच हवा होता.

दोन वर्षांपूर्वी निकिता नावाची मुलगी आली. वडूजकडची, घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. पण बोलायची बातम्या दिल्यासारखी. पलूसच्या एका म्हाताऱ्या आजींना तिनं विचारलं, "आजी, आपल्याला मळमळल्यासारखं होत आहे का?" आजी म्हणाल्या, न्हाई बाई. आणि दोन मिनिटांत त्यांनी उलटी करून चादर भरवली.

मॅडमनी निकिताला बाजूला घेतलं आणि घरी तुझी आजी याला काय म्हणते, म्हणून विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं, की अकरावीत तिच्या बोलण्याला सगळा वर्ग हसायचा. म्हणून तिनं आरशासमोर उभं राहून ते बोलणं मोडून काढलं होतं. आता घरी गेली तरी ती तसं बोलत नाही, आणि आजी तिला पाहुण्यासारखी वागवते.

मॅडम खाटेच्या कडेला बसल्याच. "मी एवढ्या लांबनं येऊन ती भाषा शिकलो," त्या म्हणाल्या, "आन तू घरातली टाकून दिलीस?"

त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांना मनापासून लागलं होतं. त्यानंतर रोज वॉर्डात जाताना त्या निकिताकडून एक घरचा शब्द मागायच्या. आधी ती लाजत द्यायची, मग आपणहून द्यायला लागली. महिनाभरानं मी पाहिलं, ती एका धनगर आजोबांना विचारत होती, "आबा, पोटात ढवळतंय का?" आबांनी पोटाचं तर सांगितलंच, वर मेंढरांना झालेल्या रोगाचंही सांगितलं.

या वर्षी मॅडमच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात झालं. गावाकडचं कुणी आलं नाही. भाऊ दुबईत, आईवडील जाऊन बरीच वर्षं झालेली. आष्ट्याच्या काकूही आता नाहीत. डबे आणायचं मुलींनी वाटून घेतलं. ड्युटीवर निकिता होती. भूल उतरताना तिनं अगदी मॅडमच्याच पद्धतीनं विचारलं, "कुठं दुखतंय? ठणकतंय का चमकतंय?" मॅडम डोळे मिटूनच पुटपुटल्या, "वेदना… वेदना…"

निकिता हसत माझ्याकडं आली. मॅडम चक्क पुस्तकी मराठी बोलतायत म्हणाली. मलाही हसू आलं. संध्याकाळी मॅडम जरा उठून बसल्या, तेव्हा आम्ही दोघींनी त्यांना ते सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. "ते मराठी नव्हतं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं साध्या दुखण्याला वेदनाच म्हणत्यात. पडलो-झडलो की आई इचारायची, 'वेदनयुण्डो मोळे?'" मग खिडकीकडं बघत म्हणाल्या, "आई गेली, तवापासनं मला त्या बोलीत कुणी इचारलंच न्हाई."

निकितानं थर्मामीटर पुसून ठेवला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आली. पट्टी काढता काढता, खाली मान घालून, वडूजच्या हेलात तिनं विचारलं, "वेदनयुण्डो मोळे?"

मॅडमचे डोळे मिटलेले होते. "उण्ड," त्या म्हणाल्या. आहे. मग आणखीही काहीतरी बोलल्या, बराच वेळ, सगळं त्यांच्या भाषेत. निकिताला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार. पण ती "हं, हं" करत ऐकत राहिली, आणि नवी पट्टी बसवून झाली तरी हलली नाही.

ती गेल्यावर मी मॅडमना 'मोळे'चा अर्थ विचारला.

"लेकी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मग तिला सांगायला हवं. वीस वर्षांची पोर तुम्हाला लेकी म्हणतेय.

मॅडमनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. "नगा सांगू शिंदेबाई," त्या म्हणाल्या. "म्हणू दे."