मंदाताईची सुट्टी

मंदाताईच्या शेजारी जेवायला बसू नये. बसलात तर तुमच्या ताटातला भात ती कालवणार. विचारणार नाही. गप्पा सुरू असतील, नजर तिसरीकडेच असेल, आणि हात सरळ तुमच्या वरणात. "गरम हाये, थांब," म्हणायचं, भात बोटांनी मऊ करायचा आणि ताट परत तुमच्यापुढं सरकवायचं. एका लग्नात तिनं नवरदेवाच्या मामाचा भात असाच कालवला होता. मामा साठीचे, भरघोस मिशीचे. बिचारे मुकाट्यानं जेवले.

गोंडपिपरीत आमची भिंतीला भिंत लागून आहे. मी शाळेत शिकवते, ती ब्लाउज शिवते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ती आणि तिचा सोनू. सोनू तिशीला आला, पण समज तीन वर्षांच्या लेकराची. उंचापुरा गडी, त्याची दाढीसुद्धा मंदाताईच करून देते. दुसऱ्या कोणी घास पुढं केला की ताट भिरकावतो. त्यामुळे तो जन्मल्यापासून मंदाताई एक रात्रही त्याला सोडून राहिली नव्हती. लग्न असो की मयत, दिवेलागणीला ती घरात.

मी मात्र माझ्या पोरांना कंटाळले होते, सरळ सांगते. दिवसभर नुसतं मम्मी, मम्मी! दिवाळीच्या सुट्टीत नवऱ्याला म्हटलं, घे, सांभाळ तुझी लेकरं, मी गाडी घेऊन चालले. सिरोंच्याहून तेलंगण, मग आंध्राचा तुकडा, तिथून छत्तीसगड, चित्रकोटचा धबधबा पाहून परत. यातलं एकही राज्य मी पाहिलं नव्हतं. सोबत येते का म्हणून मंदाताईला भिंतीवरून सहज विचारलं. ती येणार नाही हे ठाऊकच होतं.

"येतो न," ती म्हणाली.

मला वाटलं, गंमत करते आहे. पण बाईनं बल्लारपूरहून धाकट्या बहिणीला, वेणूला, बोलावून घेतलं आणि ठरल्या सकाळी पिशवी घेऊन गाडीपाशी हजर. सोनू झोपेत होता. त्याला उठवलं नाही की सांगितलं नाही.

गाडीत तिची वेगळीच तऱ्हा. मी ब्रेक दाबला की तिचा हात आडवा माझ्या छातीवर. आलापल्लीच्या जंगलात गुरं आडवी आली तेव्हा तिनं मला असं काही दाबून धरलं की स्टेअरिंगच हातून सुटता सुटता राहिलं. मी म्हटलं, मंदाताई, गाडी मी चालवून राह्यली, मलेच काऊन धरते? हो हो, चुकलं म्हणाली. पुढच्या ब्रेकला पुन्हा हात.

गोदावरीचा पूल ओलांडून तेलंगणात जेवायला थांबलो. समोरच्या बाकावर एक ट्रकवाला, एका हातात मोबाईल, पुढ्यात वाफेचा भात. मी डोळ्यांनी खुणावतेय तोवर हिचा हात त्याच्या ताटात गेला होता. मेलो, म्हटलं मनात. तो बघतच राहिला. मग मोबाईल खिशात घातला आणि खाली मान घालून सगळा भात संपवला. जाताना काहीतरी तेलुगूत बोलला. त्यातलं 'अम्मा' तेवढं मला कळलं.

मंदाताई स्वतः मात्र चहावर होती. कारण वेणूचे फोन. सोनूनं ताट फेकलं. रात्रभर दाराशी बसला. सकाळी फक्त पाणी प्याला. दुसऱ्या दिवशी भद्राचलमला मला ते ऐकवेना. गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, चल, मागं फिरू. असली कसली सहल?

"वापस नाई जायचं," ती म्हणाली. "मी मजा कराले नाई आली, शोभा. मी मरून पाहून राह्यली."

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"मी मेल्यावर सोनू दुसऱ्या कोनाच्या हातचं खाते का, हे मले जितेपनी पाहाचं हाये. वेणू थ्याले सांभाळाले हो म्हनते, पन थ्यानं खाल्लं पाह्यजे न."

पुढं सुकम्याच्या जंगलात फोनला रेंज नव्हती. ती फोन मांडीवर घेऊन बसली. मी ब्रेक दाबले तरी हात आला नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. सहलीची हौस तर माझी कुठल्या कुठं गेली होती. डोळ्यांपुढं सारखा दाराशी बसलेला सोनू.

चित्रकोटला पोचलो आणि फोन वाजला. वेणू इतक्या जोरात बोलत होती की मलाही ऐकू आलं. समजावून समजावून ती थकली होती, शेवटी स्वतःचं ताट घेऊन जेवायला बसली. तर सोनू आपणहून तिच्या मांडीशी येऊन बसला आणि त्यानं तोंड उघडलं. मच्छीचा रस्सा न् भात, पोटभर जेवला. आता टीव्ही पाहत होता.

"मले विचारलं का थ्यानं?" मंदाताईनं विचारलं.

"नाई वं बाई, नावबी नाई काढलं!" वेणूला केवढा आनंद झाला होता.

"बरं झालं," म्हणून तिनं फोन ठेवला. जमलं, जमलं, असं दोनदा म्हणाली. माझ्याकडं पाहून हसली. मीही हसले, टाळी द्यायला हात पुढं केला. तर ती खडकावर खाली बसली आणि पदर तोंडात घालून रडायला लागली. समोर एवढं पाणी कोसळत होतं, माणसं फोटो काढत होती, तिकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"येवढ्यातच विसरला का वं मले?"

मी शेजारी बसले, तिचा हात धरला. मग तिनं डोळे पुसले. मी म्हटलं, निघू या का घरी? आता सरळ इथल्या, छत्तीसगडातल्या बिजापूरच्या रस्त्यानं उद्या पोचू.

तिनं मान हलवली.

"नाई. आजून दोन दिवस राहू. थ्याले सवय होऊ दे," ती म्हणाली. "आन मले बी."