महिपतीशेठनी नोटेला हात लावला

जोहे गावात घरटी एक गणपतीचा कारखाना. महिपतीशेठचाही होता. गणपतीचे डोळे आखावेत तर महिपतीशेठनीच, असं पार पेणपर्यंत बोललं जायचं (पहिल्यांदा कोण बोललं याचा शोध घेतला असता तर पुन्हा महिपतीशेठच सापडले असते). तुळशीचं लग्न आटोपलं आणि त्यांच्या एकुलत्या मुलीला, मृणालीला, स्थळ सांगून आलं. मुलगा सुजय. घर रोह्याला, पुलापलीकडे अष्टमी गावात. तिथे त्याची आई इंदुबाई राहायची, आणि तो स्वतः नोकरीसाठी घाटावर. मायलेक बघायला आले, पोहे झाले, चहा झाला, मुलगा-मुलगी मागच्या अंगणात चार शब्द बोलून हसत परत आली. म्हणजे सगळं ठरल्यातच जमा होतं. तेवढ्यात महिपतीशेठनी सहज विचारलं, "नोकरी सरकारी म्हणता, पण कुठल्या खात्यात?"

"नोटांच्या छापखान्यात," सुजय म्हणाला. "मशीनवर असतो मी."

महिपतीशेठच्या हातातली बशी कलली आणि चहा धोतरावर आला. त्यांना तो कळलाही नाही.

"नोटा म्हणजे या आपल्या?" त्यांनी खिसा चाचपला.

"त्याच, काका."

दुसरा कुणी बाप असता तर सरकारी नोकरीवाल्याला जागच्या जागी ‘हो’ म्हणून मोकळा झाला असता. महिपतीशेठनी मात्र घसा खाकरला, मांडी बदलली आणि म्हणाले, "विचार करून कळवतो. मुलाचं काम डोळ्यांनी बघितल्याबिगर मुलगी द्यायची आमच्यात रीत नाय."

अशी रीत जोह्यात तोवर कुणी ऐकलेली नव्हती. त्यांच्या बायकोने, शकूने, ती स्वयंपाकघराच्या दारातून पहिल्यांदाच ऐकली. "माझ्या बापाने तुमचं काय बघितलेलं?" पाहुणे गेल्यावर तिने विचारलं. "तेव्हा तर तुम्हाला नुसते उंदीर रंगवायला द्यायचे."

"तुला नाय कळायचं गो," महिपतीशेठ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर नोटा नाचत होत्या. मुलीचं लग्न हे निमित्त होतं. खरं म्हणजे त्यांना नोटा छापताना बघायच्या होत्या, आणि त्यासाठी त्यांनी आपला होकार टांगून ठेवला होता.

चार दिवसांनी सुजयचा फोन आला. छापखान्यात वर्षातून एकदा कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात. पण फक्त घरच्यांना. "मी करतो काहीतरी," तो म्हणाला. बिचाऱ्याला मृणाली फार आवडली होती.

मग काय विचारता. महिपतीशेठनी पेणच्या बाजारात जाऊन नवा सदरा घेतला आणि सदऱ्याच्या दुकानदाराला सांगितलं. पापडवालीला सांगितलं, एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत, काही चौकशी नसताना, सांगितलं. शेजारच्या कारखान्यातला जगन रोज संध्याकाळी येऊन शंका विचारायचा.

"शेठ, नोटा गरम निघतात काय हो, भाजलेल्या पापडासारख्या?"

"बघून सांगतो."

"आणि एखादी तिरकी छापली गेली तर ती कोण नेतो?"

"सगळं बघून सांगतो," महिपतीशेठ म्हणायचे. त्या महिन्यात त्यांनी रंगवलेल्या लहान मूर्तींपैकी दोघींच्या सोवळ्याला नोटेचा हिरवा रंग आला होता, इतकं मन तिकडे लागलं होतं.

ठरल्या दिवशी महिपतीशेठ, शकू, मृणाली आणि रोह्याहून आलेल्या इंदुबाई असा सगळा ताफा छापखान्याच्या गेटवर उभा राहिला. सुजयने पास आणले होते. आईच्या पासावर ‘आई’. महिपतीशेठच्या पासावर ‘सासरे’, शकूच्या पासावर ‘सासू’. मृणालीचा पास नव्हता. ठरलेलं काहीच नसताना ‘पत्नी’ असं लिहायचा त्याला धीर झाला नव्हता. (‘सासरे’ लिहायचा कसा झाला, हे त्याचं त्यालाच माहीत.) तेव्हा मृणाली गेटजवळच्या खोलीत सगळ्यांच्या पिशव्या राखत बसणार होती.

"पैसे, मोबाईल, पेन, सगळं इथे ठेवा," पहारेकरी म्हणाला.

"पैसे पण?"

"एक रुपया आत न्यायचा नाही."

नोटांच्या छापखान्यात नोट न्यायला बंदी, हे ऐकून महिपतीशेठना गहिवरून आलं. काय ही शिस्त. त्यांनी खिसे उलटे केले, चोरखिसा उलटा केला, शकूच्या कमरेचा बटवाही तिला न विचारता सोडला. झडती देताना तर त्यांनी हात इतके उत्साहाने वर केले की पहारेकऱ्याची टोपी पडली.

आत गेल्यावर मात्र ते हात खाली घ्यायचेच विसरले. घराएवढी मशीनं धडधडत होती आणि टेबलाएवढाले कागद सरसर बाहेर येत होते. एकेका कागदावर नोटाच नोटा, न कापलेल्या, एकीला एक चिकटून. कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. कामगार नोटांच्या गठ्ठ्याशेजारी उभे राहून जांभया देत होते. "शकू, बघ गो, जांभया देतायत," महिपतीशेठ कुजबुजले.

"पिवळ्या पट्टीच्या अलीकडे थांबा," सुजय म्हणाला. "शाई ओली असते. वाळायला वेळ लागतो."

हे शेवटचं वाक्य सुजयने बोलायला नको होतं. तोवर महिपतीशेठ पाहुणे होते. ‘ओली’ म्हटल्याबरोबर ते कारागीर झाले. समोरच्या टेबलावर तपासायला म्हणून एक कागद काढून ठेवला होता. त्यांनी मान वाकडी करून एक डोळा मिटला. वरच्या ओळीतल्या पहिल्याच नोटेवर चष्म्याच्या काडीला शाई जरा जास्त लागली होती. निदान महिपतीशेठना तशी दिसली. तीस वर्षं त्यांच्या हाताला एकच वळण होतं. रंग ओघळला की विचार करायचा नाही, ओला आहे तोवर अंगठ्याने टिपायचा. सुकला की मूर्ती गेली.

पट्टी कधी ओलांडली ते त्यांनाही कळलं नाही. उजव्या हाताचा अंगठा पुढे गेला आणि त्यांनी हलक्या हाताने, अगदी मायेने, काडी पुसली.

काडी गेली. चष्मा गेला. कान गेला. शेजारच्या नोटेवरही काळसर फराटा उठला. महिपतीशेठ मागे सरले, कागद निरखला आणि म्हणाले, "तुमची शाई जरा पातळ हाय."

घंटा वाजली. मशीन थांबलं. जांभया देणारे सगळे कामगार एकदम जागे झाले.

पुढचा तास गेटजवळच्या खोलीत गेला. कागद तर बाद झालाच, पण खरी अडचण अंगठ्याची होती. छापखान्याची शाई बाहेर जाऊ द्यायची नाही असा नियम, आणि ती शाई महिपतीशेठच्या अंगठ्यावर बसलेली. साबण झाला, कसलंसं औषध झालं. "रॉकेल आणा, रॉकेलने जातं," महिपतीशेठ मदत करत होते. सुजय भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या तोंडावर रंग म्हणून नव्हता. पाहुण्यांना त्याने आत आणलं होतं, जबाबदारी त्याची होती.

पहाऱ्याचे साहेब आले. "हात का लावलात?"

"रंग ओघळला होता साहेब."

"काय करता तुम्ही?"

"गणपती रंगवतो. पेणजवळ, जोह्याला."

साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. "पेण? अहो, आमच्या घरी दर वर्षी पेणचाच गणपती असतो." त्यांनी खिशातून मोबाईल काढून फोटो दाखवला. सुजयच्या जिवात जीव आला. इंदुबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

महिपतीशेठनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "हा पेणचा नाय साहेब," ते म्हणाले. "डोळे बघा, एक इकडे एक तिकडे. तुम्हाला फसवलंय कुणीतरी."

शकूने काढलेला चिमटा उशिरा पोचला. साहेबांनी मोबाईल ओढून घेतला आणि पास पुढ्यात घेतले.

"हे तुमचे सासरे?" त्यांनी सुजयला विचारलं.

"हो साहेब."

"या सासूबाई. मग बायको कुठे आहे?"

सुजयने पिशव्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. पिशव्यांमधून मृणाली उठली.

"सासू-सासरे आत आणि बायको बाहेर?" साहेबांची नजर मृणालीच्या मोकळ्या गळ्यावर गेली. "लग्न झालंय तुमचं?"

"व्हायचंय साहेब," सुजय अगदी हळू म्हणाला.

"ठरलंय का? का परक्या माणसांना खोटं नातं लावून आत आणलंत? नोकरी जाईल, कल्पना आहे?"

सगळे महिपतीशेठकडे बघू लागले. महिपतीशेठनी सवयीने घसा खाकरला, सवयीने उभ्या उभ्या पवित्रा बदलला आणि तोंड उघडलं, "विचार करून..."

"ठरलंय," शकू म्हणाली.

"ठरलंय, ठरलंय," महिपतीशेठ म्हणाले.

साहेब सुजयकडे वळले. "आणि तुम्हाला? हे सासरे अजून मान्य आहेत?"

सुजयने महिपतीशेठकडे पाहिलं. त्यांच्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. महिपतीशेठना आयुष्यात कधी इतकी भीती वाटली नसेल. होकार आपण टांगून ठेवला होता, आणि आता तो मुलगाच ‘विचार करून कळवतो’ म्हणाला तर? पोरीचं काय? मग सुजयने मृणालीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसू दाबत होते.

"मान्य आहेत," तो म्हणाला.

"तारीख?"

"गुरुजींना विचारून..." महिपतीशेठ म्हणाले.

"गुरुजी नको, मला आत्ता लिहायचंय." साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, मुहूर्त बघितले आणि माघातला एक नक्की केला. मुलगी कुणाची, मुलगा कुणाचा आणि मुहूर्त काढतोय पहाऱ्याचा साहेब. महिपतीशेठनी मनात योजलेली मानपानाची, देण्याघेण्याची, आढेवेढ्यांची सगळी बोलणी त्या खोलीत पाच मिनिटांत संपली. इंदुबाईंनी पहारेकऱ्यांच्या चहाच्या डब्यातून साखर घेतली आणि सगळ्यांच्या तोंडात घातली, साहेबांच्याही. महिपतीशेठना तेवढ्यातही आनंद झाला. साखरपुडा नोटांच्या छापखान्यात झालेला बाप साऱ्या तालुक्यात दुसरा नव्हता. अंगठ्यावरच्या शाईची साहेबांनी वहीत नोंद केली आणि त्यांना सोडलं; अंगठा तीन दिवसांनी साफ झाला.

लग्न थाटात झालं. दिवाळीला जावई जोह्याला आले तेव्हा कारखान्यात जगनसकट चारजण मुद्दाम जमले होते. महिपतीशेठनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मग सुजयराव, यंदाचे पास कधी? या जगनला पण दाखवू म्हणतो."

सुजय चहात बघत राहिला. "मामा, यंदा नियम जरा बदललेत. आधी तोंडीच होतं, आता गेटवर पाटी लावलीय."

"कसली?"

"कुणाला आत सोडायचं त्याची."

"मग? सासऱ्यांचं नाव हाय ना त्यात?" महिपतीशेठनी जगनकडे बघत मान ताठ केली.

"आहे ना मामा, पहिलंच आहे," सुजय म्हणाला. "‘सासरे वगळून घरच्या सर्व माणसांना प्रवेश.’"